मैदानाला कुलूप, खोलीत कोंडमारा!

साथ आली की राज्यकर्त्यांची पहिली नजर मैदानाकडे जाते आणि साथ ओसरली की शेवटची नजरही मैदानाकडेच जाते. पहिली कुलूप लावण्यासाठी आणि शेवटची, बाकी सारे उघडून झाल्यावर, ते काढण्यासाठी! २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत घोडपदेव, लालबाग आणि परळच्या पोरांनी हा अनुभव पुरेपूर घेतला. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु साथीच्या दिवसांत मुलांनी खेळावे की खेळू नये, ह्या प्रश्नाचा निकाल आपण अद्याप लावलेला नाही. उद्याची साथ दारात उभी राहील तेव्हा विचार करायला कोणाला सवड असणार? तो विचार आजच, डोके शांत असताना केला पाहिजे.

ज्यांनी 'खेळ बंद ठेवा' असा आग्रह धरला त्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. त्यांची भीती निराधार नव्हती. आमच्या गिरणगावाने जिवापाड जोपासलेली कबड्डीच पाहा. एका दमात तोंडाने घोष करीत चढाई करायची आणि सात जणांनी अंगावर झडप घालून पकड करायची, हा त्या खेळाचा प्राण! श्वासातून पसरणाऱ्या रोगाला ह्याहून सोयीचा खेळ कोणता? दहीहंडीचीही तीच गोष्ट. गुरुपौर्णिमेपासून थरांचा सराव सुरू होतो आणि खांद्याला खांदा भिडल्याखेरीज थर उभा राहत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये हंडीला आवर घातला गेला तो योग्यच होता. पोराला कदाचित दोन दिवस ताप येऊन जाईल, पण त्याच ताटाशेजारी जेवणाऱ्या आजीचे काय? प्रो कबड्डीचे व्यावसायिक सामने २०२० साली झालेच नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात ते सुरू झाले ते प्रेक्षकांविना आणि खेळाडूंना एका जागी बंदिस्त ठेवून. श्रीमंत लीगला जे परवडते ते चाळीतल्या व्यायामशाळेला कसे परवडावे?

इथपर्यंत आम्ही बंदीवाल्यांच्या बरोबर आहोत. परंतु कबड्डी धोक्याची, म्हणून सगळेच खेळ धोक्याचे, हा न्याय कोठला? दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे कोंडलेली, नळ सामाईक, संडास सामाईक आणि जिना एकच! अशा घरातला मुलगा मैदानावर जात नाही म्हणजे तो सुरक्षित आहे, असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. बंद जागेत हा संसर्ग जितका फैलावतो, त्याच्या मानाने मोकळ्या हवेत तो फारच कमी फैलावतो, हे साऱ्या जगाच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

सरकारला हे समजत नव्हते असेही नाही. ३ जून २०२० पासून मैदानावर चालण्या-धावण्याची मुभा मिळाली. मुलांबरोबर मात्र मोठे माणूस हवे होते. ५ ऑगस्टपासून गोल्फ, टेनिस, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब हे मोकळ्या जागेतील, संघाविना खेळायचे खेळ खुले झाले. भेद शास्त्राला धरून होता. पण घोडपदेवच्या कामगाराचा मुलगा गोल्फ कोठे खेळणार होता? आणि मल्लखांब पुरायला त्याच्या चाळीत जागा कोठे होती? ५ ऑक्टोबर २०२० रोजी उपाहारगृहे आणि मद्याचे बार उघडले. मुंबईच्या शाळांत आठवीपासूनचे वर्ग भरले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि पहिली ते सातवीचे वर्ग त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला! शाळा बंद म्हणजे शाळेचे पटांगणही बंद. प्याल्याच्या आधी चेंडूला परवानगी द्यावी, एवढेही कोणास सुचू नये काय?

ह्या नगरीला साथ नवी नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग शिरला. हाफकीनने भायखळ्यात त्यावर लस सिद्ध केली आणि १८९७ च्या आरंभी ती घोडपदेवपासून जवळच असलेल्या भायखळ्याच्या तुरुंगात पारखली गेली. लसीचा धडा आपण गिरवला. त्याच प्लेगने दुसराही धडा दिला होता : दाट वस्तीत हवा आणि उजेड खेळता राहिला पाहिजे. त्यासाठीच १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या बागा आणि रुंद रस्ते हे त्याचे फळ. गिरणगावाच्या वाट्याला मात्र काय आले? १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा केवळ रिकाम्या भूखंडापुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. मुलांची मैदाने कोरोनाच्या आधीच हिरावली गेली होती. कोरोनाने उरलेल्यांना कुलूप घातले, इतकेच!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. महापालिकेने खेळांची वर्गवारी आजच करून ठेवावी. धावणे, दोरीउड्या, जोर-बैठका, अंतर राखून लेझीम आणि मल्लखांब हे खेळ मोकळ्या जागी, लहान आणि ठराविक गटांत चालू राहावेत. कबड्डी, कुस्ती आणि दहीहंडी साथ भरात असेपर्यंत थांबावीत. खोकणाऱ्या मुलाने घरी राहावे. आजारातून उठलेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने बेताबेताने खेळावे, कारण अशा आजारात क्वचित हृदयालाही सूज येते. साऱ्या शहराला एकच फतवा न काढता प्रत्येक विभागातील रुग्णसंख्या पाहून निर्णय व्हावा. निर्बंध सैल करताना पहिला मान मुलांच्या मैदानाला मिळावा. आणि घोडपदेवच्या कुशीतल्या बंदराच्या जमिनींच्या विकासाचे आराखडे आखले जात असताना, मनोऱ्यांच्या आधी त्यांवर मैदाने आखली जावीत.

व्यायामशाळांच्या वस्तादांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी घेऊन विभाग कार्यालयाची पायरी चढावी. पुढच्या साथीत आपल्या पोरांना श्वास घ्यायला जागा हवी असेल, तर ती आज भांडूनच मिळवावी लागेल!