चार ओळींचा अर्ज

आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीला उद्योग विनिमय केंद्रातून मार्गदर्शनासाठी तारीख मिळाली. नेमका त्याच दिवशी तिचा सेमिस्टरचा पेपर. ‘सर, मी नाही जात तिकडे,’ ती म्हणाली. निदान कळव तरी, म्हटल्यावर खरं कारण बाहेर आलं. ‘कन्नडमध्ये अर्ज लिहायला जमत नाही.’

आपल्याकडच्या बऱ्याच घरांतलं हे दुखणं आहे. मुलं बाजारात घडाघडा कन्नड बोलतात, पण कोरा कागद समोर आला की हात अडतो. कर्नाटकात १९६३ च्या कायद्याने कन्नड राजभाषा झाली. सरकारी कचेरीशी संबंध येणार म्हणजे कन्नड अर्ज आलाच.

पण तो अर्ज वाटतो तितका परका नाही. आपलं ‘प्रेषक’ तिथे ‘इंद’, ‘प्रति’ म्हणजे ‘गे’ आणि ‘महोदय’ऐवजी ‘मान्यरे’. ‘विषय’, ‘दिनांक’, ‘नोंदणी’ हे शब्द तर आपलेच. ‘अर्ज’चा ‘अर्जी’ होतो, ‘रद्द’चा ‘रद्दु’. शेवटी ‘आपला विश्वासू’च्या जागी ‘तम्म विश्वासि’. फसवतो तो ‘उद्योग’. आपण कारखाना समजतो, कन्नडमध्ये मात्र त्याचा अर्थ नोकरी.

मजकूर चार ओळींचा. नाव व नोंदणी क्रमांक, मिळालेली तारीख आणि वेळ, न येण्याचं कारण, दुसरी तारीख देण्याची विनंती. सोबत हॉल तिकिटाची झेरॉक्स जोडावी. नुसतं ‘रद्द करावे’ लिहून थांबू नये. रद्द करायची आहे ती भेट, नोंदणी नव्हे, हे स्पष्ट लिहावं. अर्ज तारखेच्या आधी पोचवावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. पुढे कुणी ‘तुम्ही आलाच नाहीत’ म्हटलं, तर तोच कागद कामी येतो.

कळवल्याने दुसऱ्याचंही भलं होतं. आपली मोकळी झालेली वेळ खानापूर किंवा रामदुर्गहून येणाऱ्या एखाद्या मुलाला मिळू शकते. न कळवता घरी बसलो, तर ती कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

पालकांनो, एखाद्या रविवारी मुलांकडून असा एक अर्ज लिहून घ्या. घरातल्या ज्यांचं शिक्षण कन्नड शाळेत झालं असेल, त्यांनी तो तपासावा. नोकरी मिळेल तेव्हा मिळेल, कचेरीची भीती तरी आजच जाईल.