शल्कीला दारूखान्याची वाट दाखवू नका

आमच्या चाळीतले एक काका नौदलात पाणबुडीवर होते. ते सुट्टीला आले की काकू त्यांची बॅग उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. कपडे गॅलरीतच काढून सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायचे, दोनदा धुवायचे, तरी दोरीवर वाळत घातले की डिझेलचा वास यायचाच. आम्ही पोरं त्या वासावरून ओळखायचो, काका आले. कुठे होतात इतके दिवस, असं कुणी विचारलं की "पाण्यात" एवढंच उत्तर. काकूंनाही त्याहून जास्त माहीत नसायचं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी नोकरीत नेमकं काय केलं, ते चाळीत कुणाला कधी कळलं नाही.

पाणबुडीची नोकरीच तशी. आपण कुठे होतो याचा कुणाला पत्ता लागला नाही, तरच काम फत्ते. 1971 च्या युद्धात 'करंज' पाणबुडी कराचीच्या समुद्रात दबा धरून होती. तिचे कमांडर व्ही. एस. शेखावत यांना वीरचक्र मिळालं आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. हीच करंज 4 सप्टेंबर 1969 ला रिगा बंदरात नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान होते एम. एन. आर. सामंत. बांगलादेशच्या मुक्तिलढ्यात तिथल्या तरुणांना हाताशी धरून ज्या गुप्त सागरी मोहिमा झाल्या, त्यात सामंतांचा मोठा वाटा होता. त्यांना महावीरचक्र मिळालं. 2019 साली मुंबईतच त्यांचं निधन झालं. किती मराठी घरांत हे नाव ठाऊक आहे? आपल्या मुलांना क्रिकेटपटूंच्या धावा पाठ असतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण सामंतांचं नाव त्यांना कुणी सांगितलंच नसेल, तर दोष मुलांचा नाही.

आणि जे परत आलेच नाहीत, त्यांचं काय? 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक'वर स्फोट झाले. पाणबुडी धक्क्यालाच बुडाली आणि आतले 18 जण गेले. शहर दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाच्या तयारीत होतं. सहा महिन्यांनी, 26 फेब्रुवारी 2014 ला, मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न' पाणबुडीत धूर कोंडला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार यांनी साथीदारांना बाहेर काढलं आणि ते स्वतः आतच राहिले. दोघांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. सात महिन्यांत वीस माणसं, तीही या शहराच्या दारात. नौदल आपल्या माणसांना विसरत नाही, पण गोदीची भिंत उंच आहे. तुम्हाआम्हाला त्यांच्यासाठी एक फूल ठेवायचं झालं, तर मुंबईत ते कुठे ठेवायचं?

म्हणून आज 'शल्की'साठी हाक देतो आहे: निवृत्तीनंतर ती मुंबईत स्मारक म्हणून जपा.

'शल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. ती कुठल्या परदेशी बंदरातून आली नाही, माझगाव गोदीत जन्मली. 1981 साली पश्चिम जर्मनीतल्या कंपनीशी करार झाला, आपले अभियंते आणि कारागीर कील शहरात जाऊन काम शिकून आले, आणि 7 फेब्रुवारी 1992 ला 'शल्की' नौदलात दाखल झाली. पाठोपाठ 1994 मध्ये 'शंकुल'. पाणबुडीच्या पत्र्याचं वेल्डिंग हे साध्या जहाजाचं काम नव्हे. खोल पाण्याचा दाब चारही बाजूंनी आवळत असतो. सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी आतली सगळी माणसं धोक्यात. म्हणून एकेक सांधा क्ष-किरणांनी तपासायचा आणि नापास झाला तर खरवडून पुन्हा भरायचा. गोदीतल्या कारागिरांनी असे सांधे जोडून दाखवले. पुढे त्या कराराभोवती वाद उठला, नवी कामं थांबली, हाताची सवय मोडली. 2005 मध्ये स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा बरंच काही पुन्हा मुळापासून शिकावं लागलं. 'शल्की' म्हणजे त्या पहिल्या हातांची पहिली साक्ष आहे, असं मला वाटतं. तिच्यात बसून खोल गेलेल्यांचं स्मारक होईलच, पण तिचे सांधे जोडणाऱ्यांचंही होईल.

तिची सेवा संपलेली नाही. पण तिने तिशी कधीच ओलांडली आहे आणि आज ना उद्या तिच्यावरचा झेंडा उतरेल. हाक आजच द्यायला हवी, कारण उशिरा दिलेल्या हाकेचं काय होतं ते आपण दोनदा पाहिलं आहे.

जुनी विमानवाहू 'विक्रांत' 1997 मध्ये निवृत्त झाली. काही वर्षं ती संग्रहालय म्हणून उभी होती, शाळांच्या सहली तिच्या डेकवर जात. 2012 मध्ये ती लोकांसाठी बंद झाली, मग लिलाव, मग कोर्ट, आणि 2014 च्या अखेरीस मुंबईतच दारूखान्याच्या जहाजतोडणी यार्डात तिच्यावर गॅसकटर चालले. तिच्या धातूचं एक शिल्प नौदल गोदीच्या लायन गेटसमोर उभं आहे, तेवढं उरलं. विमानवाहू 'विराट'साठी तर राज्य मंत्रिमंडळाने 2018 मध्ये 852 कोटींच्या योजनेला मंजुरी दिली होती, सिंधुदुर्गात निवतीजवळ ती उभी राहायची होती. 2020 मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. दोन्ही वेळा हळहळलो, व्हॉट्सॲपवर फोटो फिरवले. मीही फिरवले.

विमानवाहू जहाज सांभाळणं अवघड होतं, हे मान्य करायला हवं. एवढं धूड पाण्यावर तरंगतं ठेवायचं म्हणजे दरवर्षी पैसा ओतावा लागतो. पाणबुडीचं तसं नाही. 'शल्की'ची लांबी 64 मीटरच्या आसपास. एखाद्या शाळेच्या मैदानात मावेल एवढी. ती जमिनीवर ओढून सिमेंटच्या बैठकीवर बसवता येते. विशाखापट्टणमने हे करून दाखवलं आहे. 2001 मध्ये निवृत्त झालेली 'कुरसुरा' त्यांनी रामकृष्ण बीचच्या वाळूवर आणली आणि 2002 पासून लोक आत जाताहेत. 'शल्की'हून ती चांगली पंचवीस मीटरने लांब आहे, तरी त्यांनी आणली. उलट 'कुरसुरा'चीच जातभाई 'वागली' तमिळनाडूत मामल्लपुरमला ठेवायची ठरली, पण आधी पाणबुडी आणि मग तयारी असा उलटा क्रम झाला, आणि वर्षानुवर्षं रखडून ती योजना बारगळली.

मी 'कुरसुरा'त गेलो आहे. गोल दारातून आधी एक पाय, मग मान खाली, मग दुसरा पाय. खांदे दोन्हीकडच्या नळ्यांना घासतात. टॉर्पेडोच्या अंगाला लागून झोपायच्या फळ्या. वाट दाखवणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले. माझ्यापुढच्या एका मुलीने विचारलं, "खिडकी कुठंय?" ते म्हणाले, "नसते बेटा." ती बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर उन्हात आल्यावर तिने वडिलांचा हात घट्ट धरला. मला तेव्हा आमचे काका आठवले. तीस वर्षं ज्यांना शेजारी म्हणून पाहिलं, त्यांचं घर मी पहिल्यांदा आतून पाहत होतो.

'शल्की'त तर आणखी एक गोष्ट दाखवण्याजोगी आहे. संकटात सगळ्या चाळीस जणांना पोटात घेऊन सुटा होणारा आणि पृष्ठभागावर येणारा लोखंडी गोल. आपल्या मुलांनी तो हात लावून पाहावा. जागाही लांब शोधायला नको. माझगाव गोदीला लागूनच भाऊचा धक्का आहे, तिथून शिवडीपर्यंत बंदराची जमीन पसरली आहे. त्यातला एक तुकडा, शेजारी एक भिंत, भिंतीवर त्या वीस जणांची नावं, आणि दरवाजावर तिकीट तपासायला निवृत्त नौसैनिक. एवढंच मागतो आहोत.

काय करायचं ते साधं आहे. मुख्यमंत्र्यांना एक आणि संरक्षणमंत्र्यांना एक, अशी दोन पोस्टकार्डं लिहा. 'शल्की' निवृत्त झाल्यावर ती मुंबईला द्या आणि जागा आत्ताच राखून ठेवा, एवढ्या दोन ओळी पुरेत. आपल्या आमदाराला, नगरसेवकाला भेटा. सोसायटीच्या सभेत, ग्रंथालयाच्या कार्यक्रमात ठराव मांडा. शिक्षकांनो, मुलांकडून पत्रं लिहून घ्या, त्यांचं अक्षर सरकारला दिसू द्या. आणि लालबाग, परळ, माझगावात, कोकणातल्या गावांत ज्यांच्या घरी माझगाव गोदीत किंवा पाणबुडीवर काम केलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, त्यांनी आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. जे सांगता येण्यासारखं असेल ते फोनवर रेकॉर्ड करा. ट्रंकेतले फोटो बाहेर काढा, मागे पेन्सिलने नावं लिहा. ही माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

8 डिसेंबर हा पाणबुडी दिन. 1967 मध्ये याच दिवशी आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात आली. येत्या 8 डिसेंबरपर्यंत पोस्टकार्डांची पोती मंत्रालयात पोचली पाहिजेत. माझं पहिलं कार्ड लिहून झालं आहे. पाठवणाऱ्याच्या जागी मी काकूंचं नाव घातलं. त्यांनी थरथरत्या हाताने खाली सही केली आणि विचारलं, "हे नक्की वाचतील ना रे?"