पर्यटक व्हिसावरचा संसार

हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात दर मोसमाला काही विदेशी कुटुंबे येतात आणि चक्क संसार मांडतात. गॅसची शेगडी, मुलांच्या सायकली, दारात कुंड्या. कागदावर मात्र ही मंडळी पर्यटक! म्हणून व्हिसाची मुदत भरत आली की शनिवार-रविवार धरून शहर गाठायचे, नवा शिक्का घ्यायचा आणि परत त्याच खोलीत यायचे. एके काळी हे शहर म्हणजे काठमांडू किंवा कोलंबो असे. पासपोर्टच संपत आला तर मुंबईची वकिलात.

आपल्याकडे चहाच्या टपरीवर या फेऱ्यांची थट्टा चालते. ती करणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. दुबईत व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधणारे आपल्याकडचे मुलगे इराणच्या किश बेटावर जाऊन नव्या व्हिसाची वाट पाहत बसत, हे फार जुने नाही. आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर हद्द बंद झाली, तेव्हा पेडण्याच्या लेकीला सावंतवाडीचे माहेर परवान्याशिवाय दिसत नव्हते. बांदा तर हाकेच्या अंतरावर! शिक्क्यासाठी ताटकळणे काय असते, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको.

तेव्हा माझा राग त्या कुटुंबांवर नाही. राग आहे तो अर्धवट नियमांवर आणि त्याहून जास्त आपल्या गप्प बसण्यावर.

डिसेंबर २००९ मध्ये सरकारने दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले. काठमांडूच्या फेऱ्या थांबल्या, पण कितीतरी कुटुंबांची ताटातूट झाली. २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी ही अट उठली. नोव्हेंबर २०१४ पासून ई-व्हिसा आला, त्यात पहिल्या नऊ विमानतळांत दाबोळी होते. जानेवारी २०२३ पासून तर मोपाला, आपल्याच तालुक्यात, विमाने उतरतात. येणे सोपे झाले. राहण्याचा प्रश्न जिथल्या तिथे.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला हा घोळ रोज दिसतो. पर्यटकाला एनआरओ खाते उघडता येते, पण सहा महिन्यांपुरते. मुलांना रीतसर शाळेत घालणे पर्यटक व्हिसात बसत नाही. आणि जमीन? 'फेमा' कायद्यात रहिवासी ठरायला आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य हवेच, शिवाय येण्याचा हेतूही नोकरी, धंदा किंवा अनिश्चित काळ राहण्याचा हवा. पर्यटक व्हिसावाला दिवस मोजून १८३ भरले तरी त्यात बसत नाही. तरीही २००० नंतरच्या दशकात किनारपट्टीवर विदेशींच्या नावे खरेदीखते झाली आणि मागाहून अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकश्या लागल्या. विकणारे कोण होते? आपल्यातलेच. वडिलोपार्जित भाट विकून डिचोलीत फ्लॅट घेणाऱ्यांची नावे घ्यायला लावू नका.

भाड्याचेही तसेच. विदेशी माणूस घरात ठेवला की २४ तासांच्या आत कळवणे घरमालकावर बंधनकारक आहे. हॉटेलवाले ज्याला 'सी फॉर्म' म्हणत आले, तोच. घरगुती खोलीला सूट नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू झाला, त्यातही ही जबाबदारी कायम आहे. पाहुणा उद्या निघून जाईल. पोलीस येतील ते तुमच्या अंगणात. लंडनहून सुटीला येणारा पुतण्या पोर्तुगीज पासपोर्टवर असेल, तर कायद्याने तोही विदेशीच, हेही ध्यानात ठेवा.

जे वर्षानुवर्षे येतात, भाडे चेकने देतात, नोंदणी करतात, त्यांच्यासाठी केंद्राने उघडपणे दीर्घ वास्तव्याचा परवाना ठेवावा, कर घ्यावा आणि तपासणी करावी. उरलेल्यांनी मुदत संपताच जावे. आपल्या आमदार-खासदारांनी हे मांडायला हवे. तोवर आपल्या समाजातील खोल्या देणाऱ्या घरांची यादी गावनिहाय करावी, आणि ऑक्टोबरात मोसम सुरू होण्याआधी पेडणे येथे एक बैठक घेऊन ऑनलाईन नोंद कशी भरायची ते दाखवावे. फॉर्म भरून दाखवायला मी रविवारी यायला तयार आहे.