दरपत्रकात मोतद्दाराचा रकाना कुठे आहे?

गेल्या महिन्यात चार तरुण विहारात भेटायला आले. चौघेही शहराबाहेरच्या एका खासगी तबेल्यावर मोतद्दार आहेत. लोक हौसेने घोडा घेतात आणि महिन्याचे पैसे भरून अशा तबेल्यात ठेवतात. घोड्याला घडवण्याचे, वळण लावण्याचे कामही तिथेच होते. या पोरांना आता स्वतःची पागा काढायची आहे. दहा ठाणांची शेड भाड्याने मिळते आहे, ओळखीचे काही घोडेमालकही तयार आहेत. बँकेच्या अर्जाला जोडायचा हिशेब त्यांनी वहीच्या पानावर मांडून आणला होता. "ताई, एकदा नजर घाला," म्हणाले.

पानावर एका घोड्याचा महिन्याचा खर्च होता. चंदी ४,८००. गवत-वैरण ३,६००. ठाणात पसरायचा भुसा १,२००. नालबंदी १,२००. डॉक्टर, जंताचे औषध, लस १,०००. शेडचे भाडे, वीज, पाणी मिळून २,०००. एकूण १३,८००. खाली जाड अक्षरात दर: १५,०००. शेजारच्या तबेल्याचा दर १७,००० आहे, म्हणून यांनी दोन हजारांनी कमी लावला. आणि शेवटची ओळ होती: 'घोडा फिरवणे व शिकवणे फ्री.'

मी विचारले, "तुमची मजुरी कुठे आहे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्यातला थोरला म्हणाला, "आमचं काय ताई, आम्ही तिथंच राहणार की."

मित्रांनो, हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. त्या पोराविरुद्ध नाही. हे वाक्य त्याचे नाहीच. ते त्याच्या मालकाचे आहे, आणि मालकाच्याही आधी ते गावगाड्याचे होते.

हे वाक्य आले कुठून?

वतनदारी आठवा. सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्याला गवत-पाणी करणे हेही महाराच्या कामात मोडायचे. कामाला वेळेची हद्द नव्हती, कामाची यादी कुठे संपत नव्हती, एकट्या वतनदारालाच नव्हे तर सगळ्या घराला जुंपले जायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्याचा गाभा हाच होता. काम निश्चित करा, मोबदला निश्चित करा आणि ज्याला या जोखडातून सुटायचे आहे त्याला सुटू द्या. 'तिथेच राहतो, तिथेच खातो' याला मजुरी म्हणायला त्यांनी नकार दिला होता.

आता तबेल्यात या. मोतद्दार पहाटे साडेचारला उठतो. रात्री घोड्याचे पोट दुखले तर रात्रभर त्याला चालवत राहतो. ठाणाशेजारच्या खोलीत झोपतो. मालक सांगतो, 'पगार नऊ हजार, पण राहणं-खाणं आमच्याकडे, वर पार्टीची बक्षिसी.' ही खोली कोणासाठी आहे? घोड्याला रात्री पहारा लागतो म्हणून माणूस तिथे झोपवला आहे. ती घोड्याच्या सोयीची खोली आहे आणि तिचा हिशेब मोतद्दाराच्या पगारात धरला जातो. आणि बक्षिसी म्हणजे बलुत्याचेच नवे नाव. दिली तर दिली, नाही तर नाही.

मी पाहिलेल्या तबेल्यांत लीद उचलणारे हात कोणाचे होते? आपल्या वस्त्यांतले, भटक्या-विमुक्तांतले, गरीब मुसलमानांचे, परप्रांतातून आलेल्या भूमिहीनांचे. घोड्यावर बसणारे आणि पैसे मोजणारे कोण, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. जात ही निव्वळ श्रमांची वाटणी नसून श्रमिकांची उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवले आहे. ती उतरंड इथे खोगिराच्या वर आणि खोगिराच्या खाली अशी उभी आहे.

'बाजारभाव' नावाची चलाखी

शेजारचा तबेला १७,००० मध्ये घोडा कसा ठेवतो? पोरांचाच हिशेब लावू. खर्च १३,८००. एक मोतद्दार तीन घोडे सांभाळतो, पगार नऊ हजार, म्हणजे घोड्यामागे ३,०००. झाले १६,८००. मालकाला घोडा ठेवण्यात फारसे काही सुटत नाही, त्याची खरी कमाई घोडा घडवण्याच्या वेगळ्या बिलात आहे. पण मोतद्दाराला पोटापुरती मजुरी दिली तर हा दर एक दिवसही टिकणार नाही. ज्याला आपण बाजारभाव म्हणतो तो मोतद्दाराच्या न दिलेल्या मजुरीवर उभा आहे. घोडेमालकाच्या छंदाला मिळणारे अनुदान सरकार देत नाही, मोतद्दार देतो.

आणि आपली पोरे तो दर पाहून आणखी दोन हजार खाली उतरली! १५,००० मधून १३,८०० गेले, राहिले १,२००. दहा घोड्यांचे १२,०००. चौघांत वाटले तर माणशी ३,०००. नोकरीत नऊ हजार मिळत होते, मालक झाल्यावर तीन हजार. याला उद्योजकता म्हणायचे असेल तर म्हणा. मी याला स्वतःच स्वतःवर लादलेली वेठबिगारी म्हणते.

मग न्याय्य दर कसा काढायचा?

त्या संध्याकाळी आम्ही नव्याने हिशेब मांडला. आकडे आमच्या भागातले आहेत, तुमच्याकडे भाव बदलतील. पद्धत मात्र तीच ठेवा.

आधी तास मोजले. खरारा, ठाण साफ करणे, लीद काढणे, तीन-चार वेळा चंदी आणि गवत, पाणी, हातात धरून फिरवणे, खूर साफ करणे. एका घोड्यामागे रोज अडीच तास. दहा घोड्यांचे २५, आठवड्याचे १७५. आठवड्याला ४८ तासांचा एक माणूस धरला तर चार माणसे लागतात. चौघांचे मिळून १९२ तास होतात. वरचे १७ तास आजारी घोड्याच्या रात्रींसाठी. याचा अर्थ चौघांनाही आठवड्याची सुट्टी मिळू शकते. थोरल्याने हे ऐकून विचारले, "घोड्याला कुठं रविवार असतो ताई?" घोड्याला नसतो. माणसाला असतो. महाराष्ट्राने ती सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यातून मिळवली आहे, ती तबेल्याच्या दारात सोडून यायची नाही.

मग मजुरी. माणशी १८,००० प्रमाणे ७२,०००. विमा, रजा, आजारपण यांसाठी ८,०००. एकूण ८०,०००, म्हणजे घोड्यामागे ८,०००. पूर्वीच्या १३,८०० मध्ये मिळवले तर २१,८००.

पण दहाही ठाणे बाराही महिने भरलेली नसतात. दोन रिकामी राहिली तरी भाडे आणि मजुरी थांबत नाही. ते एक लाख रुपये आठ घोड्यांवर पडले तर १२,५०० येतात. चंदी, गवत, भुसा, नाल, डॉक्टर यांचे ११,८०० मिळवले की २४,३००. मोडतोड आणि अडीअडचणीसाठी पाच टक्के. न्याय्य दर साधारण २५,५०० रुपये.

१५,००० आणि २५,५००. मधले साडेदहा हजार कोणाच्या खिशातून जात होते, ते आता दिसते.

'फिरवणे' आणि 'ट्रेनिंग'

आता ती शेवटची ओळ, 'शिकवणे फ्री'. मराठीत घोडा घडवणाऱ्याला चाबुकस्वार हा जुना, मानाचा शब्द आहे. बिचकणाऱ्या जनावराला लगाम मानायला लावणे, दोन्ही बाजूंना सारखे वळवणे, चाल बसवणे हे महिन्यांचे काम आहे आणि त्यात हाड मोडण्याचा धोका रोजचा. हेच काम इंग्रजी बोलणाऱ्याने केले की ते 'ट्रेनिंग' होते आणि तासाचे बिल लागते. मोतद्दाराने केले की ते 'फिरवणे' होते आणि फुकट असते. कौशल्य एकच, नाव दोन, कारण करणारा दोन जातीचा. ज्ञान वरच्यांचे आणि अंगमेहनत खालच्यांची, ही मनूची वाटणी आपणच आपल्या दरपत्रकात का छापायची?

हिशेब सोपा आहे. नीट काम करणारा माणूस दिवसाला चार घोडे घडवू शकतो. महिन्याचे २६ दिवस, १०४ फेऱ्या. कुशल कारागिराचे महिन्याला ३०,००० धरले तर फेरीला २८८ रुपये येतात. अपघात विमा आणि खोगीर-लगामाची झीज मिळवली तर ४०० रुपयांच्या खाली जाता येत नाही. हे पैसे दराबाहेर, वेगळ्या ओळीत, पावतीसह घ्यायचे. आणि जो हे काम करेल त्याचे बाकीचे तास त्या प्रमाणात कमी करायचे. नाहीतर पुन्हा एकाच अंगावर दोन कामे.

आक्षेप घेणाऱ्यांना

पहिला आक्षेप, 'एवढा दर कोण देणार? परवडत नाही.' ज्याला परवडत नाही त्याने स्वतः खरारा करावा, स्वतः ठाण साफ करावे. त्याला तेवढ्या तासांची सूट द्या. नुसती जागा, अर्धी सेवा आणि पूर्ण सेवा असे तीन दर लावा. लीद उचलायला लागल्यावर मजुरीची किंमत लवकर कळते. तरीही गिऱ्हाईक येत नसेल, तर पागा काढू नका. जो धंदा मजुरी दिल्याबरोबर बुडतो तो धंदा आपल्या उद्धाराचा नाही. माथेरानच्या हातरिक्षांचे प्रकरण आठवा. २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी निधी नसल्याची सबब चालणार नाही असे बजावले. माणसाच्या प्रतिष्ठेपुढे 'परवडत नाही' हे उत्तर होऊ शकत नाही.

आणि स्वस्त दराची झळ एकट्या माणसालाच बसत नाही. पैसे कमी पडले की आधी चंदीला कात्री लागते, मग नाल दोन आठवडे उशिरा पडतो, डॉक्टर शेवटी येतो. मुके जनावर ते सोसते. करुणेची भाषा बोलणाऱ्या आपल्याला ते तरी कसे चालेल?

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. 'घोडे हा श्रीमंतांचा शौक. चळवळीने त्यात का पडावे?' गिरण्या काय आपल्या होत्या? तरी १९३८ साली औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात बाबासाहेब गिरणी कामगारांबरोबर उभे राहिले. १९४६ साली मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मांडले, त्याचा १९४८ साली कायदा झाला. त्या कायद्याला उद्योगांच्या अनुसूचीची मर्यादा होती. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तिच्या किमान वेतनाला ती मर्यादा नाही. त्या संहितेत जादा तासांना दुप्पट मजुरीही आहे. कामगार संहितांवर आपले इतर आक्षेप आहेत आणि ते राहतील. पण हातात आलेले हत्यार म्यानात ठेवायचे कशाला? तबेल्यावर काम करणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

शिवाय घोडा आपल्याला परका नाही. २०१८ मध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावी एका दलित तरुणाचा खून झाला. त्याने घोडा पाळला, त्यावर तो बसला हे सवर्णांना खुपले, अशी कुटुंबाची फिर्याद होती. घोड्यावरून वरात काढली म्हणून दगड खाल्लेल्या नवरदेवांच्या बातम्या आजही येतात. घोड्यावर बसण्याच्या हक्कासाठी आपण रस्त्यावर उतरतो आणि उतरलेच पाहिजे. पण त्याच घोड्याची लीद उचलणारा आपला भाऊ महिना नऊ हजारांत राबतो, तेव्हा आपण गप्प का?

काय करायचे?

१. तबेल्यावर काम करत असाल तर रोजचे तास वहीत लिहा, तारखेसह. वही नसेल तर तक्रार उभी राहत नाही.

२. पगार बँकेत मागा. राहणे-खाणे आणि बक्षिसी वेगळी लिहून घ्या, मजुरीत मिसळू देऊ नका.

३. स्वतःची पागा काढत असाल तर दर काढताना पहिली ओळ मजुरीची, दुसरी चंदीची.

४. एकमेकांचा दर पाडू नका. एका भागातल्या मोतद्दारांनी एकत्र बसून मजुरीची किमान रेषा ठरवा. तिच्या खाली कोणीही जाणार नाही.

५. कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीतून तबेल्यावर कोण जाते ते शोधा. अभ्यासवर्गात त्यांचा हिशेब मांडा.

चौघांनी ते पान फाडले आणि नवे लिहिले. दर पाहून दोन मालकांनी तोंड फिरवले. एकाने कशाचे किती ते विचारले, ओळीओळीने समजून घेतले आणि घोडा ठेवायची तयारी दाखवली. एका घोड्यावर पागा चालत नाही, हे पोरांनाही कळते. ती अजून नोकरीवरच आहेत आणि गिऱ्हाईक शोधत आहेत. पण परवा थोरल्याने तबेल्याच्या मालकाला पहिल्यांदा विचारले, "साहेब, माझे तास किती झाले?"

मालकाने अजून उत्तर दिलेले नाही. प्रश्न मात्र विचारला गेला आहे.

जय भीम!