बटाट्याचा हिशेब लागतो, मग दुधाचा का नाही?



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्याकडे त्यागाच्या गोष्टी सुरू होतात. कोणी हिरवी भाजी सोडते, कोणी एकाशन धरते. कंदमुळं तर आपण बारा महिने खात नाही, कारण बटाट्यात अनंत सूक्ष्म जीव. पण त्याच स्वयंपाकघरात रोज दोन लिटर म्हशीचं दूध तापतं आणि त्या म्हशीच्या रेडकाचं काय झालं, हे विचारायचं कोणाच्या मनात येत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवासाठी एवढा कडक नियम आणि आईसाठी रेकणाऱ्या पंचेंद्रिय जीवासाठी काहीच नाही, हे मला मुळीच पटत नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. एका बाजूला जमा असेल तर दुसऱ्या बाजूला नावे असतंच, एवढं मला पक्कं ठाऊक. दुधाची जमा बाजू आपल्या पातेल्यात दिसते. नावे बाजू पाहू या.

म्हैस साधारण दहा महिने गाभण राहते, व्याली की दूध देते. आटली की पुन्हा गाभण. जन्मणाऱ्या रेडकांत नर-मादी निम्मे-निम्मे. आता २०१९ची पशुगणना बघा. देशात म्हशी आणि रेडे मिळून सुमारे ११ कोटी. त्यात माद्या १० कोटींहून जास्त आणि नर एक कोटीसुद्धा नाहीत! २०१२च्या गणनेत नर दीड कोटीच्या वर होते. गोदामात एवढी तूट निघाली तर कोणताही मालक मुनिमाला जाब विचारेल. आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला नको आहे.

ट्रॅक्टर आला आणि रेड्याचं काम संपलं. तो दूध देत नाही, वैरण मात्र खातो. काही रेडकं दुधावाचून मरतात, काही कत्तलखान्यात जातात. भाकड म्हशींचीही वाट तीच. महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हशीला ते संरक्षण नाही. आपल्या देशातून परदेशी जाणारं मांस मुख्यतः म्हशीचंच असतं. गाय तरी सुटली म्हणावं, तर त्याच २०१९च्या गणनेत मोकाट गुरं ५० लाखांच्या घरात. पांजरपोळाला आपण देणगी देतो, तिथल्या भाकड गायी येतात कुठून? आपल्याच सकाळच्या चहातून.

आता कोणी म्हणेल, हे व्हीगनचं खूळ परदेशातून आलंय. नाव परदेशी असेल, विचार आपल्याच घरचा आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, अति भार लादणं आणि अन्नपाणी रोखणं. गोठ्यात दोराला ओढ देणारं रेडकू डोळ्यांसमोर आणा आणि यातले किती अतिचार लागतात ते तुम्हीच मोजा. मध तर आपल्या आठ मूलगुणांतच वर्ज्य आहे. आणि बाह्य तपात रसपरित्याग आहे. सोडायच्या रसांत दूध, दही, तूप ही तीन नावं आहेतच. मग नवीन काय सांगते आहे मी?

"आपले पूर्वज खात होते की!" खात होते. दारात एक म्हैस असायची, रेडकाला त्याचा वाटा मिळायचा, नर मोटेला किंवा गाडीला जुंपला जायचा. तो गोठा आता राहिलेला नाही. मिठाईवरचा वर्ख जनावराच्या आतड्यात कुटतात हे कळलं, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणींनी वर्ख बंद केला. "पूर्वज खात होते" असं तेव्हा कोणी म्हटलं नाही.

"महाराजांच्या आहारातही दूध असतं." महाराज मागत नाहीत, श्रावक जे देतो ते घेतात. देणारा हात आपला आहे. आणि अभिषेकाचं म्हणाल, तर तेरापंथी मंदिरांत फक्त पाण्याचाच अभिषेक होतो, भक्ती काही कमी पडत नाही.

"शेतकऱ्याचं काय?" त्याला दोष देणं सोपं आहे आणि ते मला करायचं नाही. कर्ज काढून म्हैस घेतलेल्या बाईला मी उपदेश करणार नाही. तो धंदा आपल्या मागणीवर चालतो, म्हणून मी गिऱ्हाइकाशी बोलते आहे.

राहिला तब्येतीचा प्रश्न. तो खरा आहे, हसण्यावारी नेऊ नका. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत, नाचणीत तर वजनाला वजन दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. पण बी-१२ धान्य-भाजीतून मिळत नाही. रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा, गोळी घ्या. कॅप्सूल घेणार असाल तर आधी चौकशी करा, तिचं कवच बहुधा जिलेटिनचं म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. घरात लहान मूल किंवा गरोदर सून असेल तर सल्ल्याशिवाय काही बदलू नका.

स्वयंपाक अडत नाही. फोडणी आपली शेंगदाण्याच्या तेलाची असतेच. ताकाच्या कढीऐवजी कोकम आणि नारळाच्या दुधाची कढी करा. खिरीला नारळाचं नाहीतर काजूचं दूध, पुरणपोळीवर तुपाऐवजी नारळाचं दूध. सगळ्यात जड जातो चहा. तिथे मी स्पष्ट सांगते, आल्याचा कोरा चहा जिभेला बसायला महिना लागतो. आधी दूध बंद करा, मग दही, शेवटी तूप. दुकानातून आणलेल्या वस्तूवरचा हिरवा ठिपका पुरेसा नाही, दुधाच्या पदार्थावरही तोच असतो.

माझी मागणी महिला मंडळांकडे आहे. यंदाच्या पर्वात पारण्याच्या पंगतीला दूध-तुपाचा एकही पदार्थ नको. बासुंदी आणि पेढ्यांनी उपवास सोडायचा आणि त्याआधी पर्वात उत्तम क्षमेवर प्रवचन ऐकायचं, हे जुळत नाही. क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. ज्याचं दूध आपण प्यायलो, ते रेडकू त्या यादीत पहिलं यायला हवं.