उघड्या माळावरील चकती

मोकळ्या माळावर झाडे आड येत नाहीत, तेव्हा खेळ सोपा, असे वाचकांस वाटेल. आम्हांस ते पटत नाही. चकती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत टाकणे, हा डिस्क गोल्फ. त्याचे पहिले कायमचे मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियात झाले. तेव्हा टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. २०२२ ची जागतिक स्पर्धा कॅन्ससमधील एम्पोरियास झाली. तेथील उघड्यावर खरा प्रतिस्पर्धी वारा. समोरच्या वाऱ्यात चकती उचलली जाऊन कलंडते. चिडून जोर लावावा, तर अधिकच उलटते. पाठीमागचा वारा उदार भासतो, पण तोच तिला लवकर खाली पाडतो. जाणता खेळाडू समोरच्या वाऱ्यात सहजी न कलंडणारी चकती निवडतो आणि पुढची कडा किंचित खाली ठेवून सखल फेकतो. टोपलीजवळ तर धाडसही महाग: हुकलेली चकती वारा पार पलीकडे नेतो.