रस्त्यावर पडलेल्या माणसाचा मकबरा

आपल्या समाजात चित्र, शिल्प म्हटले की पहिला प्रश्न येतो, "हे जायज आहे का?" दुसरा येतो, "यावर पोट भरेल का?" या दोन प्रश्नांत तिसरा राहून जातो, की कला कुणाच्या कामी येते? विवान सुंदरम यांचे काम पाहिले की मला हा तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

विवान १९४३ साली सिमल्यात जन्मले आणि २०२३ साली दिल्लीत गेले. अमृता शेरगिल त्यांची मावशी. बडोद्यात आणि लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये ते चित्रकला शिकले. पुढे कॅनव्हास मागे ठेवून ते मांडणशिल्पाकडे वळले. १९९२ च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली. होशी जाल यांनी टिपलेला एका प्रेताचा फोटो वर्तमानपत्रात आला. रस्त्यावर पडलेला एक माणूस, बेवारस. त्या फोटोवरून विवान यांनी १९९३ साली 'मेमोरियल' उभे केले. फोटोवर ठोकलेले खिळे, पत्र्याच्या ट्रंका रचून केलेली कमान आणि त्या निनावी माणसासाठी मकबरा.

मकबरे बादशहांचे असतात. इथे तो मिळाला एका साध्या माणसाला. ती ट्रंक पाहून मला गावाकडून मुंबईला कमवायला गेलेली आपली माणसे आठवतात. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाचे मोल मोठे आहेच. पण अहवाल कपाटात जातो, आणि या कमानीखालून माणसाला स्वतःच्या पायाने चालत जावे लागते.

विवान एकटे राबणारे कलावंत नव्हते. १९७६ पासून त्यांनी कसौलीत कला केंद्र चालवले. तिथे चित्रकार, लेखक, नाटकवाले एकत्र बसून एकमेकांकडून शिकत. सफदर हाश्मींच्या हत्येनंतर १९८९ साली उभ्या राहिलेल्या 'सहमत'मध्येही ते सुरुवातीपासून होते. शांतिनिकेतनचे शिल्पकार आणि शिक्षक रामकिंकर बैज यांच्यावर २०१५ साली अनुराधा कपूर यांच्यासोबत त्यांनी '४०९ रामकिंकर' हा नाट्यप्रयोग केला. २०१७ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात १९४६ च्या नाविकांच्या उठावावर जहाजासारखी रचना मांडली. आत बसून त्या उठावाचे आवाज ऐकायचे.

कुणी म्हणेल, हे सगळे बड्या शहरांतल्या गॅलऱ्यांचे चोचले. मोहल्ल्यातल्या पोरांना त्याचे काय? आक्षेप खरा आहे. पण उपाय आपल्या हातात आहे. आमच्याकडच्या कित्येक शाळांत, उर्दू असो वा मराठी, परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. काही पालकांना सजीवांची चित्रे काढणे पटत नाही, त्यांच्या भावनेचा मी मान ठेवतो. मांडणशिल्पात मात्र चेहरा काढावाच लागतो असे नाही. दादीची ट्रंक, अब्बांचे हत्यार, जुने रेशनकार्ड, तुटकी पाटी एवढे सामान पुरे. ते कुठे, कसे ठेवायचे आणि का, याचा विचार मुलाने केला की त्याला आपल्या घराचा इतिहास सांगता येऊ लागतो.

बी.एड.ला आम्ही शैक्षणिक साहित्य करायला शिकलो; ते बहुतेक पुठ्ठ्याचे तक्ते होते. आठवड्यातला एक तास मुलांच्या घरातल्या वस्तूंना देऊन पाहूया. ज्या समाजाचा इतिहास दुसरेच लिहीत आले, त्याच्या मुलांना हे हुनर गणिताइतकेच गरजेचे आहे.